बुडालेल्या जहाजात काय होतं?



समुद्रावरच्या अपघातांवर आपण या मालिकेत बोलतो आहोत. आजचा विषय जरा वेगळा आहे. अणुइंधनाशी संबंधित माल घेऊन निघालेल्या जहाजाला अपघात झाला, तर तो कुणी कुणाला कळवायचा? किती वेळात? आणि कळवताना नेमकं काय सांगायचं?

ऐकायला हा कारकुनी प्रश्न वाटतो. फॉर्म कुठला, सही कुणाची, इतकाच. पण याचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जहाजात काय भरलंय याची माहिती कागदावर असतेच. ती कप्तानाकडे असते, जहाजमालकाकडे असते, माल पाठवणाऱ्या कंपनीकडे असते. ज्याच्या दारासमोर ते जहाज बुडतं, त्याच्याकडे मात्र ती नसते. ही माहिती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला किती वेळ लागला आणि का लागला, हे आज पाहू.

ओस्टेंडसमोरचा शनिवार

२५ ऑगस्ट १९८४. शनिवारचा दिवस. बेल्जियमच्या ओस्टेंड शहरासमोर, किनाऱ्यापासून साधारण १८ किलोमीटरवर समुद्रात धुरकट हवा होती. इंग्लिश खाडी जिथे उत्तर समुद्राला मिळते, तो हा भाग. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. मालवाहू जहाजं एका दिशेनं जातात, आणि प्रवाशांच्या फेरीबोटी नेदरलँड्स-बेल्जियमकडून इंग्लंडकडे जाताना त्यांची वाट आडवी कापतात.

त्या दिवशी ‘मों लुई’ नावाचं फ्रेंच मालवाहू जहाज ल आव्र बंदरातून निघून रीगाकडे चाललं होतं. रीगा आज लाटवियाची राजधानी आहे, तेव्हा ते सोव्हिएत संघातलं बंदर होतं. त्याच वेळी ‘ओलाऊ ब्रिटानिया’ ही फेरीबोट ९३५ प्रवाशांसह जात होती. नेदरलँड्समधलं व्लिसिंगेन आणि इंग्लंडमधलं शीअरनेस यांच्यामध्ये तिची ये-जा असे. दोघांची टक्कर झाली. फेरीचं नाक मों लुईच्या कुशीत घुसलं आणि दोन्ही जहाजं कित्येक तास तशीच अडकून राहिली. सुटका झाल्यावर मों लुई एका अंगावर कलंडून बुडालं. पाणी फार खोल नव्हतं, जेमतेम १५ मीटर. ओहोटीला जहाजाची कूस पाण्याबाहेर दिसत असे.

कुणीही दगावलं नाही. जवळजवळ हजार माणसं सुखरूप किनाऱ्याला लागली. बातमी इथेच संपली असती.

पण मों लुईच्या पोटात ३० मोठे पोलादी सिलिंडर होते आणि त्यांत सुमारे ३५० टन युरेनियम हेक्झाफ्लोराइड होतं. ही गोष्ट लोकांना जहाजमालकांनी सांगितली नाही, सरकारनंही सांगितली नाही. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेनं ती जाहीर केली आणि मग फ्रान्सकडून दुजोरा मिळाला. ओस्टेंड हे समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायला जाण्याचं गाव आहे. ऑगस्ट अखेरचा शनिवार-रविवार होता. वाळूत खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांना समोरच्या समुद्रात काय पडलंय हे कळलं ते एका स्वयंसेवी संघटनेकडून.

हा माल आहे तरी काय?

घाबरवण्याचा किंवा दिलासा देण्याचा घाईघाईचा प्रयत्न न करता हा माल समजून घेऊ. खाणीतून निघालेलं युरेनियम बहुतेक अणुभट्ट्यांना जसंच्या तसं चालत नाही. त्यातल्या युरेनियम-२३५ या प्रकाराचं प्रमाण नैसर्गिकरीत्या ०.७ टक्के असतं. ते वाढवावं लागतं, आणि त्यासाठी युरेनियमचं आधी वायूत रूपांतर करावं लागतं. त्या कामाचं संयुग म्हणजे युरेनियम हेक्झाफ्लोराइड. नेहमीच्या तापमानाला ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात असतं. साधारण ५६ अंश सेल्सियसला त्याचा, कापराचा होतो तसा, थेट वायू होतो.

मों लुईवरचा बहुतांश माल नैसर्गिक युरेनियमइतकाच किंवा त्याहून कमी तीव्रतेचा होता. त्याचा किरणोत्सार सौम्य. खरी भीती रासायनिक आहे. हे संयुग पाण्याला किंवा दमट हवेला लागलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. पाण्यात विरघळल्यावर तेच हायड्रोफ्लोरिक आम्ल, जे काचसुद्धा खातं आणि फुप्फुसांत गेलं तर जीव घेतं. अशी वस्तू समुद्राच्या तळाशी पडली होती आणि ती तिथे आहे हे आधी ठाऊक असण्याला जीवनमरणाचा अर्थ होता. बुडालेल्या जहाजाकडे पहिल्यांदा जाणारा पाणबुड्या, तेल गळतंय का हे पाहायला गेलेली छोटी बोट, जवळ जाळं टाकणारा कोळी, या सगळ्यांनी काय करायचं आणि काय टाळायचं, ते त्या एका नावावर अवलंबून होतं.

हा माल सोव्हिएत संघात का चालला होता, तेही सांगतो, कारण मौनाचं एक कारण तिथे असावं असं मला वाटतं. १९७०च्या दशकापासून पश्चिम युरोपातले देश आपलं युरेनियम समृद्ध करून घेण्यासाठी सोव्हिएत संघाकडे पाठवत होते. तिथलं काम स्वस्त पडे. शीतयुद्ध ऐन भरात होतं, दोन्ही बाजूंची क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेली होती, आणि अणुइंधनाचा व्यापार मात्र शांतपणे चालू होता. यात बेकायदा काही नव्हतं. पण चारचौघांत सांगायला अवघड असं मात्र बरंच होतं.

चाळीस दिवस

पुढची कामगिरी मोठी होती. डच आणि बेल्जियन बचाव कंपन्यांनी जहाजाच्या कुशीला भोकं पाडून एकेक सिलिंडर बाहेर काढायला सुरुवात केली. प्रत्येक सिलिंडर सुमारे १२ टन मालाचा. भरती-ओहोटीचे मोजके तास काम, मग थांबा. सप्टेंबरात वादळ आलं आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. इंधनाचं तेलही गळलं. अखेर ४ ऑक्टोबरला शेवटचा भरलेला सिलिंडर वर आला. अपघातापासून बरोबर ४० दिवस.

एका सिलिंडरची झडप किंचित गळत होती. समुद्राच्या पाण्याच्या आणि हवेच्या तपासण्यांत चिंता करावी असं काही आढळलं नाही. म्हणजे डबे आपल्या कामाला उतरले. हे मान्य केलंच पाहिजे, कारण अणुमालाच्या वाहतुकीचं सगळं तत्त्वज्ञान त्यावर उभं आहे. जहाज बुडेल, जळेल, धडकेल, पण डबा टिकला पाहिजे, असं ते तत्त्व.

मात्र त्या ४० दिवसांत युरोपात ज्यावर वाद झाला, तो प्रश्न डब्यांच्या मजबुतीचा नव्हता. आम्हाला सांगितलं का नाही, असा तो होता. डबा टिकला हे नंतर कळतं. सांगायचं की नाही हे मात्र पहिल्या तासात ठरवावं लागतं.

नियम काय म्हणत होता?

तुम्ही विचाराल, तेव्हा कायदा नव्हता का? होता, पण अपुरा.

१९६७ मध्ये ‘टोरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ फुटलं. त्यातून जगानं धडा घेतला आणि १९७३ मध्ये मार्पोल हा सागरी प्रदूषणाविरुद्धचा करार झाला. त्याला जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये कप्तानावर जबाबदारी टाकली होती की, घातक पदार्थ समुद्रात सांडला तर विनाविलंब जवळच्या किनारी देशाला कळवावं. पण हा सगळा विचार तेल डोळ्यांसमोर ठेवून झाला होता. तेल दिसतं, त्याचा वास येतो, ते किनाऱ्याला लागतं. बंद डब्यात, पिंपात, कंटेनरमध्ये भरलेला माल जहाजासकट खाली गेला तर? सांडलेलं काहीच नाही. मग कळवायचं काय?

मों लुईनंतर सव्वा वर्षानं, ५ डिसेंबर १९८५ रोजी, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत, म्हणजे आयएमओत, या प्रोटोकॉलची दुरुस्ती मंजूर झाली आणि ६ एप्रिल १९८७ पासून ती लागू झाली. डब्यांत भरलेला घातक माल समुद्रात गेला किंवा जाण्याची शक्यता असली, तरी ते कळवणं आता स्पष्टपणे बंधनकारक झालं. ‘शक्यता असली तरी’ हे शब्द लहान आहेत, पण त्यांनी कप्तानाची एक पळवाट बंद केली. अजून काही सांडलेलं नाही, असं म्हणत थांबून राहण्याची सोय उरली नाही.

पुढे आयएमओनं या कळवण्याचा ठरावीक साचा बनवला. धोकादायक मालाच्या अहवालात जहाजाचं नाव, वेळ, ठिकाण हे तर येतंच. शिवाय मालाचं अचूक तांत्रिक नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला त्याचा चार आकडी क्रमांक, धोक्याचा वर्ग, डब्यांचा प्रकार, त्यांची संख्या आणि अवस्था सांगावी लागते. डबे तरंगत आहेत की बुडाले, हेही विचारलेलं असतं. युरेनियम हेक्झाफ्लोराइडसाठी साधारणपणे २९७८ हा क्रमांक वापरतात. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला रसायनशास्त्र येत नसलं तरी चालतं. त्यानं २९७८ हा आकडा उघडला की पुढचं सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं: कुठलं वस्त्र घाला, पाणी मारायचं की नाही, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहा. चार आकडे वायरलेसवर सांगायला काही सेकंद लागतात.

दुसरा धडा जमिनीवरून आला. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि बाहेरच्या जगाला तो कळला तो दोन दिवसांनी, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात किरणोत्साराची नोंद झाल्यावर. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत, २६ सप्टेंबर १९८६ रोजी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत अणुअपघाताच्या तातडीच्या सूचनेचा करार झाला. भारतानं १९८८ मध्ये तो स्वीकारला. या करारात अणुइंधनाची आणि किरणोत्सारी कचऱ्याची वाहतूकही येते. पण त्यात एक अट आहे. किरणोत्सार सीमेपलीकडे जाऊन दुसऱ्या देशाला महत्त्वाचा ठरेल अशी परिस्थिती असेल, तरच सूचना देणं बंधनकारक होतं. ‘महत्त्वाचा’ म्हणजे किती, हे पहिल्या तासात कोण ठरवणार? ज्याच्या ताब्यात तो माल आहे तोच.

चोवीस वर्षांचं मौन

हे सगळं व्यापारी मालाबद्दल झालं. लष्करी मालाची गोष्ट याहून कठीण आहे, आणि तिचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

५ डिसेंबर १९६५. अमेरिकेची ‘टिकॉन्डरोगा’ ही विमानवाहू नौका व्हिएतनामजवळचं काम आटोपून जपानच्या योकोसुका बंदराकडे चालली होती. एक स्कायहॉक विमान नौकेच्या लिफ्टवर ढकलत नेताना घसरलं आणि थेट समुद्रात गेलं. विमानासोबत वैमानिक गेला आणि एक हायड्रोजन बॉम्बही गेला. तिथे समुद्र सुमारे पाच किलोमीटर खोल. तिघांपैकी काहीच परत आलं नाही.

१९८१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानं अण्वस्त्रांच्या अपघातांची यादी दिली, त्यात ही घटना जमिनीपासून ५०० मैलांहून दूर घडल्याचा उल्लेख होता. १९८९ मध्ये संशोधकांनी नौदलाचीच कागदपत्रं पुढे आणली, तेव्हा कळलं की जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून हे अंतर साधारण ८० मैल होतं. हिरोशिमा आणि नागासाकी भोगलेल्या देशाच्या इतक्या जवळ एक बॉम्ब २४ वर्षं पडून होता, आणि अपघातानंतर ती नौका त्याच देशाच्या बंदराला लागली होती. युद्धनौकांना मार्पोलसारखे करार लागू होत नाहीत. आजही नाहीत.

गुप्तता आणि सूचना यांची ओढाताण

व्यापारी मालातही गुप्तता हवीच असते, आणि तिची कारणं खोटी नसतात. प्लुटोनियम चोरीला गेलं तर त्याचा बॉम्ब होऊ शकतो. म्हणून १९९२ मध्ये ‘आकात्सुकी मारू’ हे जपानी जहाज फ्रान्सच्या शेरबूर बंदरातून सुमारे दीड टन प्लुटोनियम घेऊन निघालं, तेव्हा त्याचा मार्ग जाहीर केला गेला नाही. सोबत ‘शिकिशिमा’ ही जपानी तटरक्षक दलाची सशस्त्र नौका होती. ७ नोव्हेंबरला निघालेलं जहाज ५ जानेवारी १९९३ रोजी जपानमधल्या तोकाईला पोहोचलं. मधल्या दोन महिन्यांत वाटेवरच्या अनेक देशांनी आमच्या पाण्यात येऊ नका असं बजावलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. या प्लुटोनियमची वीज जपानला मिळणार, पैसे फ्रान्सला मिळणार. आम्हाला यातलं काहीच मिळणार नाही. मग धोका आमच्या दारावरून जाणार असेल, तर निदान आधी सांगा. मालवाल्यांचं उत्तरही साधं होतं. सांगितलं तर चोरालाही कळेल. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार असा माल नेणाऱ्या जहाजानं कागदपत्रं बाळगावीत आणि विशेष काळजी घ्यावी, इतकंच बंधन आहे. निघण्याआधी किनारी देशांना कळवावंच, असं तो करार म्हणत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही.

मात्र या गदारोळातून एक ठोस गोष्ट निघाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये आयएमओनं वापरलेलं अणुइंधन, प्लुटोनियम आणि तीव्र किरणोत्सारी कचरा नेणाऱ्या जहाजांसाठी एक संहिता केली. तिला आयएनएफ संहिता म्हणतात. मालातल्या एकूण किरणोत्साराप्रमाणे जहाजांचे तीन वर्ग केले. जहाज फुटलं तरी तरंगत राहण्याची क्षमता, आग विझवण्याची सोय, दुहेरी वीजपुरवठा आणि जहाजावरचा आणीबाणीचा आराखडा, हे सगळं तिच्यात आलं. अपघात झाला तर कुणाला कसं कळवायचं, हेही त्यात लिहिलेलं आहे. सुरुवातीला ही संहिता ऐच्छिक होती. १ जानेवारी २००१ पासून ती सक्तीची झाली.

संहितेच्या बाहेर राहिलेली दोन जहाजं

संहिता आली म्हणून प्रश्न सुटला का? दोन उदाहरणं पाहा. या दोन्ही जहाजांवरचा माल त्या संहितेत बसणारा नव्हता.

नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘एमएससी कार्ला’ हे कंटेनर जहाज अझोर्स बेटांजवळ वादळात मधोमध तुटलं. शेकडो कंटेनर होते, आणि त्यांत सीझियम-१३७ असलेली तीन उपकरणं होती. अशी उपकरणं जीवशास्त्रीय संशोधनात नमुन्यांवर किरणोत्साराचा मारा करायला वापरतात. एकूण किरणोत्सार ३३० टेराबेकरेल, म्हणजे बराच. ती उपकरणं सुमारे ३,००० मीटर खोल गेली आणि आजही तिथेच आहेत. मुद्दा लक्षात घ्या: हे जहाज ‘अणुजहाज’ नव्हतं. कपडे, यंत्रं, खाद्यपदार्थ नेणाऱ्या कुठल्याही जहाजासारखं ते होतं. बराचसा किरणोत्सारी माल असाच, इतर मालासोबत फिरतो.

दुसरं उदाहरण हॅम्बुर्गचं. १ मे २०१३ च्या संध्याकाळी बंदरात ‘अटलांटिक कार्टिए’ या जहाजाला आग लागली. जहाजावर मोटारी होत्या, त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्याच जहाजावर सुमारे ९ टन युरेनियम हेक्झाफ्लोराइड होतं, शिवाय इथेनॉल आणि दारूगोळाही होता. नदीच्या पलीकडच्या तीरावर त्याच संध्याकाळी जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या मोठ्या संमेलनाची उद्घाटन-प्रार्थना चालू होती, हजारो माणसं उघड्यावर जमलेली होती. अग्निशमन दलानं धोकादायक कंटेनर आधी क्रेननं उतरवून घेतले आणि रात्रभर झुंजून आग आटोक्यात आणली. माल शाबूत राहिला.

आता मों लुईशी ताडून पाहा. १९८४ आणि २०१३ मध्ये २९ वर्षांचं अंतर आहे. या काळात एक मोठा बदल झाला होता. आग विझवणाऱ्यांना जहाजात काय आहे हे कळण्याची सोय झाली होती, कारण बंदरात येणाऱ्या धोकादायक मालाची नोंद आधी द्यावी लागते. कुठला कंटेनर आधी उचलायचा, हे त्यामुळे ठरवता येतं. जे नियम कंटाळवाणे वाटतात, त्यांनी त्या रात्री शहर वाचवलं, असं मी म्हणेन. पण दुसरी बाजू तशीच राहिली. हॅम्बुर्गच्या नागरिकांना युरेनियमची बातमी कळली ती सुमारे दोन आठवड्यांनी, शहराच्या विधिमंडळात ग्रीन पक्षानं प्रश्न विचारल्यावर. पूर्वी एका संघटनेनं फोडलेली बातमी आता एका प्रश्नोत्तरातून बाहेर आली, इतकाच फरक.

हे टाळता येतं का? येतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्कॉटलंडजवळ ‘पारिदा’ हे डॅनिश जहाज सिमेंटमध्ये घट्ट केलेला किरणोत्सारी कचरा बेल्जियमला नेत होतं. त्याच्या धुराड्याला आग लागली. खलाशांनी ती विझवली, पण इंजिन बंद पडून जहाज वाऱ्यावर वाहू लागलं. वाटेत ‘बीट्रिस’ नावाचा तेलविहिरीचा मंच होता. जहाज त्यावर आदळण्याची शक्यता दिसताच मंचावरच्या ५२ जणांना हेलिकॉप्टरनं सुरक्षित हलवलं. मग जहाज ओढून किनाऱ्याला आणलं. कुणीही इजा न होता घरी गेलं, आणि सगळी गोष्ट तेव्हाच्या तेव्हा जगजाहीर होती. कुठेही चेंगराचेंगरी झाली नाही, कुणी गाव सोडून पळालं नाही. लोकांना सांगितलं तर घबराट पसरेल, हे कारण नेहमी दिलं जातं. पारिदानं ते खोटं पाडलं.

आपल्या दारात

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तो घरोघरी सांगितला गेलेला आहे. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही होत्या. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा, अशी रीत होती. तो लावलेला नव्हता. त्यामुळे शेजारच्या जहाजांना आणि गोदीतल्या इतरांना काय जळतंय हे समजलं नाही. धूर दिसूनही आजूबाजूची कामं चालू राहिली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तो लाल बावटा म्हणजे त्या काळचा २९७८ क्रमांकच होता, नाही का? एका नजरेत कळणारी सूचना.

अगदी अलीकडचं उदाहरण केरळचं आहे. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडालं. ६४० कंटेनर होते, त्यांतल्या १३ मध्ये धोकादायक माल होता आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड होतं, जे पाण्याला लागताच ज्वालाग्राही वायू सोडतं. यात अणुमाल नव्हता. पण प्रश्न तोच उभा राहिला. किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरला हात लावू नका, हे कोळ्यांना सांगावं लागलं, आणि कशाला हात लावू नये हे कळायला मालाची यादी हवी होती. केरळ उच्च न्यायालयानं ती माहिती लोकांसमोर ठेवायला सांगितलं. मला हा आदेश महत्त्वाचा वाटतो. मालाची यादी ही जहाजमालक आणि सरकार यांच्यातला खाजगी कागद नाही, किनाऱ्यावर राहणाऱ्याचाही तिच्यावर हक्क आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे अशा प्रसंगी ज्यांचे फोन वाजतात, त्यांतली मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत. नौवहन महासंचालनालय मुंबईत आहे. तटरक्षक दलाचं एक सागरी बचाव समन्वय केंद्र मुंबईत आहे. किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीचे नियम ठरवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ, जे १९८३ मध्ये स्थापन झालं, ते अणुशक्तीनगरात आहे. कप्तानानं या यंत्रणांना कळवायचं, ही वाट कायद्यानं आखलेली आहे. तिथून पुढे वर्सोव्याच्या, रत्नागिरीच्या, मालवणच्या किंवा कारवारच्या कोळ्यापर्यंत पोहोचणारी वाट मात्र तितकी पक्की नाही. ती जिल्हाधिकाऱ्याच्या, पत्रकाराच्या किंवा न्यायालयाच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.

मग या इतिहासातून काय घ्यायचं?

आज सांगितलेल्या जहाजांच्या एकाही अपघातात किरणोत्सारानं कुणाचा जीव गेला नाही. हे मी ठळकपणे सांगतो, कारण अर्धवट ऐकून घाबरणं आणि अर्धवट सांगून लपवणं, दोन्ही सारखंच वाईट. डबे मजबूत आहेत. नियमही चाळीस वर्षांत खूप सुधारले. कप्तान ते सरकार हा टप्पा बऱ्यापैकी बांधला गेला.

सरकार ते नागरिक हा टप्पा अजून मोकळाच आहे. निघण्याआधी मार्ग गुप्त ठेवणं मला समजतं. चोराला वेळापत्रक कुणी देऊ नये. पण जहाज बुडाल्यावर, जळू लागल्यावर, त्याचं ठिकाण सगळ्या जगाला दिसत असताना मालाचं नाव लपवण्यानं कुणाचं रक्षण होतं? चोराचा प्रश्न तिथे संपलेला असतो. उरतात ते पाणबुडे, अग्निशामक, कोळी आणि किनाऱ्यावरची मुलं. म्हणून गुप्ततेची मुदत अपघाताच्या क्षणी संपली पाहिजे, असं माझं मत आहे. त्या क्षणापासून मालाचं नाव, क्रमांक आणि काय करू नये हे तीन वाक्यांत, किनाऱ्याच्या भाषेत, त्याच दिवशी जाहीर व्हावं. आपल्या किनाऱ्यावर ते मराठीत, कोंकणीत, मल्याळममध्ये व्हावं.

तुम्ही बंदराच्या गावात राहत असाल, मग ते उरण असो, विशाखापट्टणम असो की कांडला, तर एक प्रश्न स्थानिक प्रशासनाला जरूर विचारा: बंदरात धोकादायक मालाला आग लागली, तर आमच्या वस्तीला कोण, कशानं आणि किती मिनिटांत कळवणार? माहितीच्या अधिकारात हा प्रश्न विचारता येतो. उत्तर तयार असेल तर उत्तमच. नसेल, तर ते तयार करायला सुरुवात तरी होईल.

पुढच्या भागात दीपगृहांकडे वळू. तोवर नमस्कार.